अंगठा तीनदा

सुरुवातीलाच सांगतो, मी अडाणी माणूस नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, २०१२ साली निवृत्त झालो. पेन्शन बँकेत जमा होते, ती मी माझ्या हातानं एटीएममधून काढतो. रोजनिशी लिहितो. हे आधी सांगायचं कारण, गावात माझी गोष्ट "गुरुजींना मोबाइलमधलं कळत नाही, म्हणून फसले" अशी फिरते आहे. ती कुणी फिरवली हे मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तोच माझ्यावर अब्रूचा दावा लावील, आणि कागद त्याच्याच दुकानात टाइप करून घेईल.

माझं क्षेत्र एक हेक्टर साठ आर, म्हणजे चार एकर. कोरडवाहू, सगळं सोयाबीन. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांना सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, दोन हेक्टरपर्यंत. वीस गुंठ्यांच्या आतल्यांना सरसकट १,०००. शासन निर्णय निघाला जुलै २०२४ मध्ये. माझे झाले ८,०००. संमतीपत्र भरलं, आधारची झेरॉक्स जोडली, कृषी सहायक बाईंच्या हातात दिली आणि पोच मागितली. पोच मागणारा आमच्या गावात मी एकटाच होतो, हेही नोंदवून ठेवतो.

वाटप ३० सप्टेंबरला सुरू झालं. दसऱ्याआधी आमच्या आळीत सगळ्यांचे आले. ज्यानं कापूसही लावला नव्हता आणि सोयाबीनही त्याचेसुद्धा आले म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही. माझे आले नाहीत.

मी कृषी सहायक बाईंना फोन केला. एकदा नाही, अकरा वेळा. मुलगी चांगली होती, तालुक्याच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेली. प्रत्येक वेळी एकच सांगायची, "सर, तुमचं आधार कोणत्या बँकेला आहे ते एकदा बघून घ्या ना." मला वाटायचं, टोलवाटोलवी चाललीय. बँकेत गेलो. ज्या बँकेत पेन्शन येते तिथंच. काउंटरवरच्यानं संगणकात बघितलं आणि सांगितलं, "लिंक आहे, गुरुजी." मी म्हटलं, नीट बघा. त्यानं पुन्हा बघितलं. "लिंक आहे." मग बाईंना मी काय म्हणणार? तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तिच्या नावानं अर्ज केला. माहितीच्या अधिकारात दुसरा केला. त्या अर्जांमुळे तिला खुलासा द्यावा लागला असं नंतर कळलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं, पण बँकेनं दोनदा "लिंक आहे" सांगितल्यावर माझ्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं?

आता पाऊस. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला, ऐन पोळ्याला, मराठवाड्यात जो पाऊस झाला तो ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्याकडे बैलांना रंग लावला तो संध्याकाळपर्यंत टिकला नाही. शेंगा भरत आलेलं सोयाबीन तीन दिवस पाण्यात उभं होतं. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तर भरपाई, असा नियम. माझं पंचनाम्यात शंभर टक्के लिहिलं गेलं. तेव्हा जिरायतीचा दर हेक्टरी १३,६०० होता, तीन हेक्टरपर्यंत. माझे २१,७६०.

याद्या लागल्या डिसेंबरात. प्रत्येक नावापुढे व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक. तो नंबर आणि आधार घेऊन सेतूवाल्याकडे जायचं, अंगठा लावायचा, केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, झाली की पैसे वरून थेट खात्यात. आमच्या गावात सेतू म्हणजे एकच दुकान. झेरॉक्स, फोटो, मोबाइलचं रिचार्ज, विम्याचे फॉर्म, पैसे काढणं-भरणं, सगळं तिथंच. पाटीवर 'मिनी बँक' असंही लिहिलेलं आहे. चालवणारा पोरगा पंचविशीचा. मी त्याच्या बापाला शिकवलंय.

माझ्या रोजनिशीत ११ डिसेंबर २०२४, बुधवारची नोंद अशी आहे: "अतिवृष्टी केवायसी केली. ५० रु. अंगठा तीनदा. चहा दिला."

तीनदा कशाला, असं तेव्हा वाटलं नाही. शेतकऱ्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, माझ्या खडूनं झिजल्या असतील. त्या यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा लागतो, आणि निम्म्या लोकांना पहिल्या झटक्यात ते ओळखत नाही. पोरग्यानं ओलं फडकं पुढं केलं. "गुरुजी, बोट पुसा. हां. दाबू नका, नुसतं टेकवा." टेकवलं. "सर्व्हर गेला. परत ठेवा." ठेवलं. मग त्यानं चहा मागवला, मला विचारलं की नातू नवोदयला लागला का, आणि बोलता बोलता यंत्र माझ्याकडे सरकवलं. "शेवटचं, गुरुजी." शेवटचं ठेवलं.

केवायसीची पावती त्यानं दिली. ती माझ्याकडे आहे.

त्यानंतर २० फेब्रुवारीला त्याचा फोन आला. तुमची केवायसी फेल दाखवतेय, आज शेवटची तारीख, लगेच या. मी धावत गेलो. शेजारचे एक गृहस्थ माझ्यासोबत होते, त्यांचंही काही काम होतं. या वेळी अंगठा दोनदा. पन्नास रुपये घेतले नाहीत. "तुमच्याकडून काय घ्यायचं गुरुजी," म्हणाला. पावती मागितली तर प्रिंटरची शाई संपली होती. आणि मी, पोच मागणारा गावातला एकटा माणूस, बरं म्हणून घरी आलो. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो.

मार्च गेला, एप्रिल गेला. ८,००० नाहीत, २१,७६० नाहीत. तलाठ्याशी भांडलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. पदाचं नाव वाढलं, फोन उचलणं तेवढंच राहिलं. मृग निघाल्यावर पेरणी उसनवारीवर केली आणि तहसील कार्यालयात जाऊन बसलो. पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. तिथल्या कंत्राटी मुलाला बहुतेक माझी दया आली, किंवा त्याला जेवायला जायचं होतं. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"आजोबा, तुमचे पैसे जमा झालेत. १७ फेब्रुवारीला."

"कुठं?"

त्यानं बँकेचं नाव वाचलं आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. ती बँक माझी नव्हती. मोबाइलवर चालते तसली पेमेंट बँक, शाखा नाही, पासबुक नाही. मी म्हटलं, हे चुकून दुसऱ्याचं लागलंय. तो म्हणाला, "चुकून लागत नाही. तुमच्या आधारला जी बँक जोडलीय तिथंच जातात." मी म्हटलं, माझी जोडलेली बँक वेगळी आहे, दोनदा विचारलंय. मग त्यानं जे सांगितलं ते बँकेतल्या पगारी माणसानं मला नऊ महिन्यांत सांगितलं नव्हतं.

आधार 'लिंक' असणं आणि अनुदान जिथं पडतं ते खातं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं आधार पाच बँकांत लिंक असू शकतं, कारण खातं उघडताना प्रत्येक जण झेरॉक्स घेतो. पण एनपीसीआय म्हणून जी संस्था आहे तिच्या यादीत तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. सरकार पैसे सोडतं ते त्या नावावर. नवीन खातं उघडताना 'सरकारी लाभ या खात्यात घ्यायचे' या चौकटीवर खूण झाली की ते नाव बदलतं, जुन्या बँकेचं पुसलं जातं. जुनी बँक "लिंक आहे" म्हणते तेव्हा खोटं बोलत नाही. आपण विचारतो एक आणि ती उत्तर देते दुसऱ्याचंच. तेव्हा बँकेत गेलात तर "आधार लिंक आहे का" असं विचारू नका. "डीबीटीसाठी माझं आधार तुमच्याकडे सीड आहे का, एनपीसीआय मॅपरमध्ये बघून सांगा" असं विचारा. डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारं सरकारी अनुदान, मॅपर म्हणजे एनपीसीआयची ती यादी, सीड म्हणजे त्या यादीत नाव असणं. हे शब्द कागदावर लिहून न्या. काउंटरवरचा वैतागेल. वैतागू द्या.

ती चौकट माझ्या बाबतीत कुणी भरली? हे आठवायला मला दोन रात्री लागल्या. मे २०२३ मध्ये नातवाच्या टॅबसाठी सिमकार्ड घेतलं होतं, नवोदयच्या तयारीचे व्हिडिओ बघायला. त्याच दुकानातून. पोरगा म्हणाला होता, गुरुजी, सिमसोबत खातं फुकट उघडून देतो, पन्नास रुपये कॅशबॅक येतो. मी अंगठा लावला. पन्नास रुपये आले की नाही ते आठवत नाही. टॅब सहा महिन्यांत फुटला, सिम रिचार्जविना बंद पडलं, आणि त्या खात्याचे सगळे मेसेज त्या बंद सिमवर जात राहिले. दरम्यान सरकारकडून माझ्या नावावर एक रुपया येणार नव्हता. पीएम-किसान मला नाही, दहा हजारांच्या वर पेन्शन असलेल्याला ते मिळत नाही. गॅस बायकोच्या नावावर. मग खातं बदललं हे मला कळणार कुठून? ज्यांना दर चार महिन्यांनी दोन हजार येतात त्यांना पहिल्याच हप्त्याला कळलं असतं.

सिम पुन्हा चालू केलं, जिल्ह्याच्या गावी त्या बँकेच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे एका मोबाइलच्या शोरूमच्या वरची एक खोली. आधार दाखवलं, उतारा मागितला. दोन पानं मिळाली. ती घडी करून खिशात घातली आणि एसटी स्टँडवर येऊन बसलो, कारण उभं राहून वाचण्यासारखं ते नसेल असं मला का कोण जाणे वाटत होतं.

वरच्या ओळी बघण्यासारख्या नव्हत्या. मग ऑक्टोबर २०२४, जमा ८,०००. म्हणजे कृषी सहायक मुलगी बरोबर होती. पैसे आले होते, दसऱ्याआधीच आले होते. खाली ११ डिसेंबर, वजा ७,९००. पुढे इंग्रजी अक्षरं होती, 'एईपीएस', म्हणजे आधारच्या अंगठ्यानं केलेला व्यवहार, आणि वेळ ११.४२. मी पिशवीतून रोजनिशी काढली. रोजनिशी मी सोबत बाळगतो, त्यावर घरात हसतात. बोट ओळीवर ठेवून वाचलं: अंगठा तीनदा. चहा दिला.

स्टँडवर कुल्फीवाला घंटी वाजवत होता. परभणीची गाडी लागली म्हणून लोक धावत होते. मी बसून त्या तीन वेळा पुन्हा मोजल्या. पहिल्यांदा अंगठा ठेवला तेव्हा त्यानं खात्यात किती आहे ते पाहिलं. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा केवायसी झाली, तिची पावती मिळाली. तिसऱ्यांदा ठेवला, चहा आल्यावर, नातवाचं विचारल्यावर, तेव्हा ७,९०० गेले. शंभर रुपये त्यानं मागं ठेवले. ते शंभर मला सगळ्यात जास्त लागले. खातं अगदीच रिकामं दिसू नये एवढी काळजी त्यानं घेतली होती.

दुसऱ्या पानावर १७ फेब्रुवारी, जमा २१,७६०. २० फेब्रुवारी, वजा १०,०००. त्याच दिवशी, दोन मिनिटांनी, पुन्हा वजा १०,०००. अंगठ्यानं एका वेळेला दहा हजारच निघतात, म्हणून दोनदा. केवायसी फेल झालेलीच नव्हती. पैसे पडले होते आणि काढायला माझं बोट हवं होतं, म्हणून फोन केला होता. शिल्लक १,८६०.

१९९० नंतर साक्षरता अभियानात मी रात्री कंदील घेऊन वस्तीवर जायचो. म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना सही शिकवली. अंगठा लावायची लाज वाटली पाहिजे असं आम्ही त्यांना सांगायचो. त्यातली दोघं-तिघं अजून आहेत, आणि तीही त्या दुकानात ओल्या फडक्याला बोट पुसतात. असो.

गाडीत बसलो तेव्हा राग नव्हता, घरी पोचेपर्यंत आला.

आता त्या दुकानातल्या पोरग्याचं वागणं. शेजाऱ्यांना घेऊन मी दुकानात गेलो आणि उतारा काउंटरवर ठेवला. तो दचकला नाही. उतारा वाचलाही नाही, कारण त्यात काय आहे हे त्याला पाठ होतं. म्हणाला, "गुरुजी, हे पैसे तुम्हीच नेलेत की. शंभरच्या नोटा मागितल्या होत्या तुम्ही. आठवत नाही का?" शंभरच्या नोटा! नुसतं "नेले" म्हणाला असता तर मी तोंडावर खोटं पाडलं असतं. पण नोटांचा रंगसुद्धा सांगायला तयार असलेल्या माणसापुढं एकाहत्तर वर्षांचा म्हातारा काय बोलणार? दुकानात चार जण होते. चौघांनीही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. बिचारे गुरुजी, विसरायला लागले.

शेजाऱ्यांनी सांगितलं, फेब्रुवारीत मी इथंच उभा होतो, एकही नोट गुरुजींच्या हातात पडली नाही. मग प्रकरण सरपंचांच्या ओसरीवर गेलं. तिथं दीड तास चर्चा झाली ती माझ्या पैशांवर नाही. पोरगं किती कामाचं आहे, रात्री अकराला झेरॉक्स देतं, दवाखान्याला पैसे लागले तर काढून देतं, त्याचं दुकान बंद झालं तर तालुक्याला जावं लागेल, यावर झाली. एक जण म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे की." पेन्शन आहे म्हणून माझं सोयाबीन पाण्यात गेलं नव्हतं का? शेवटी त्यानं फेब्रुवारीचे २०,००० "भांडण नको म्हणून" द्यायचं कबूल केलं. दहा हजार रोख दिले. दहा हजार मोबाइलवरून पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं: 'हेल्प'. डिसेंबरच्या ७,९०० बद्दल तो आजही म्हणतो, गुरुजींनी नेले.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला विचारलं, "अंगठा तुमचाच ना? मग व्यवहार तुम्हीच केलात." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि पोच दिली. इथं मला एक गोष्ट उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की आपल्या चुकीशिवाय तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि आपल्याला बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर तोटा आपल्यावर येत नाही. जितका उशीर तितकी आपली बाजू लंगडी. मला मेसेज आले ते फुटलेल्या टॅबच्या सिमवर, आणि मी कळवलं जूनमध्ये. सायबरची १९३० ही मदतवाहिनीही पहिल्या काही तासांत लावली तरच खऱ्या अर्थानं उपयोगी. मी चार महिन्यांनी लावली. पलीकडची बाई सौम्यपणे बोलली, एवढंच.

तर आता ज्यांचं अजून गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आजच, हे वाचून झाल्यावर, आपलं आधार कोणत्या बँकेला सीड आहे ते बघा. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचं नाव दिसतं. साधा फोन असेल तर *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकायचा. दिसलेली बँक आपली नसेल तर आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या आणि आठवड्यानं पुन्हा तपासा. अर्ज दिला म्हणजे बदललं असं समजू नका.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. नातवाचा, जावयाचा, दुकानदाराचा नंबर कुठंही देऊ नका. आमच्या गावात निम्म्या आधारकार्डांना त्याच पोरग्याचा नंबर आहे. ओटीपी त्यालाच जातो, म्हणून लोकांना त्याच्याशिवाय काही करता येत नाही, आणि म्हणून तो "कामाचा" आहे.

अंगठ्याला कुलूप लावता येतं. मायआधारवर 'बायोमेट्रिक लॉक' केलं की यंत्रावर बोट ठेवून कुणालाही पैसे काढता येत नाहीत. हे मी लगेच केलं आणि नोव्हेंबरात फजिती करून घेतली. हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो तर यंत्र माझं बोट घेईना, आणि मी जिवंत आहे हे समोर उभा राहून सांगत होतो. कुलूप तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांसाठी, मग आपोआप बंद होतं. रेशनवाल्यांनाही हीच अडचण येते, दुकानाच्या रांगेत नंबर जवळ आला की उघडायचं. त्रास आहे, पण मला तो ७,९०० पेक्षा स्वस्त वाटतो.

अंगठा ठेवायच्या आधी यंत्राकडे नाही, स्क्रीनकडे बघा. स्क्रीन त्याच्या बाजूला असेल तर फिरवायला सांगा. एकदा ठेवला की काय झालं ते विचारा, "सर्व्हर गेला" म्हणाला तर तसं लिहिलेलं दाखव म्हणा. एका अंगठ्याला एक पावती. शाई संपली असेल तर शाई आल्यावर अंगठा. आणि केवायसीची पावती एकदा मिळाली असेल आणि नंतर कुणी "फेल झाली, परत या" म्हणून फोन केला, तर दुकानात जाऊ नका. आधी दुसऱ्या केंद्रावर व्हीके नंबर टाकून स्थिती बघून घ्या. मी हे एक केलं असतं तर २०,००० वाचले असते.

मायआधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' असते. आपला अंगठा कधी, कोणत्या संस्थेकडं लागला याची यादी. ती सहा महिन्यांपुरतीच मिळते. मी १९ जूनला बघितली. ११ डिसेंबरची नोंद आठ दिवसांनी निसटली होती. फेब्रुवारीच्या होत्या, त्यांची छापील प्रत ओसरीवर कामाला आली. म्हणून दर महिन्याला बघा, वीज बिल बघतो तसं.

बाकी नेहमीचं. कोऱ्या कागदावर सही करू नका, कुणावर आंधळा विश्वास ठेवू नका, कागद जपून ठेवा. हे मीही वर्गात सांगायचो.



२०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा तसाच पाऊस झाला, या वेळी जास्त. भरपाईचा दर मात्र जुन्यावर गेला होता, जिरायतीला हेक्टरी ८,५००. माझ्या चार एकरांचे झाले १३,६००. वर्षापूर्वी जो एका हेक्टरचा दर होता तो आता माझ्या सगळ्या रानाचा आकडा. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलेल्यांना केवायसीची गरज नव्हती. मी काढला होता, मुलासोबत तालुक्याला जाऊन, गावातल्या दुकानात नाही. पैसे पेन्शनच्या खात्यात आले, मेसेज माझ्या फोनवर आला, मी तो दोनदा वाचला.

सहायक कृषी अधिकारी बाईंची बदली झाली होती. फोन केला. "सर, आले का पैसे?" म्हणाली. आले म्हटलं. अर्जाबद्दल बोलायचं होतं, पण तिकडे कुणीतरी पंचनाम्याचं विचारत होतं आणि तिनं फोन ठेवला.

७,९०० रुपयांची तक्रार आधी त्या बँकेकडे केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शुल्क नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेचं उत्तर बाविसाव्या दिवशी आलं: व्यवहार ग्राहकाच्या बोटाच्या ठशानं झाला आहे. ते उत्तर, उताऱ्याची दोन पानं आणि रोजनिशीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडून लोकपालाकडे पाठवलं आहे. झेरॉक्स तालुक्यातून काढली, जाऊन-येऊन ऐंशी रुपये तिकिटाला गेले. दुकानावरून जाताना तो आतून हाक मारतो, "गुरुजी, चहा?"